मागच्या दाराची रेघ

माझी लेक दुपारच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गाडी बनवत होती, आणि त्या गाडीनं तिला नाही म्हटलं. झालं एवढंच. मी शेजारी मटार सोलत होतो. गाडी अजून कुठे आलेलीच नाही, पुढच्या वर्षी येणार म्हणतात. पण कंपनीनं आत्तापासून अशी सोय करून ठेवली आहे की ज्याला हवी त्यानं घरबसल्या पडद्यावर आपली गाडी आपणच रचून बघावी. रंग कुठला, चाकं कुठली, खुर्च्या किती, त्यांवर कापड की रेक्झिन. बोट फिरवलं की गाडी गोल फिरते, दाराला बोट लावलं की दार उघडतं आणि आत दिवा लागतो. लेक शाळेच्या पोरांची ने-आण करते. तिची जुनी गाडी आता दर आठवड्याला कुठेतरी रुसून बसते, त्यामुळे महिनाभर तिचं रोज हेच चाललं होतं. रंग नातीनं पसंत केला होता. त्या रंगाला पहाटेचं धुकं असं नाव होतं. मला तो ओल्या सिमेंटसारखा दिसायचा, पण मी बोललो नाही. गाडीच्या मागचं चित्रही बदलता यायचं. कधी डोंगर, कधी समुद्र, कधी उंच इमारती. कुठल्याच चित्रात माणूस नव्हतं. खुर्च्या सगळ्या रिकाम्या. त्यांच्याकडे मला फार वेळ बघवत नसे. मी मटारांकडे बघायचो.

त्या दिवशी तिनं शेवटच्या रांगेशी आणखी एक बाक घालायला बोट लावलं. बाक आला नाही. खाली एक राखाडी पट्टी उमटली आणि तिच्यावर अक्षरं. मी मान पुढे करून ती सावकाश वाचली. हा बाक निवडता येणार नाही. मागच्या दाराची वाट अडते.

"बघा अप्पा, अडते म्हणे," लेक म्हणाली. "अजून जन्माला आली नाही आणि तोंड बघा कसं चालतंय."

"आई, तुझ्यावर गेलीये," नात गृहपाठाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाली.

"तू गप. बेरीज चुकलीये तुझी."

लेकीनं पुन्हा बोट लावलं, मग पुन्हा, जरा जोरात, जणू दार अडकलंय आणि खांदा लावला की उघडेल. पट्टी तीच, अक्षरं तीच. मग ती हसली आणि खुर्चीत मागे टेकली. "जाऊ दे. आपल्या घरात मिस्त्री बसलाय. गाडी एकदा दारात येऊ दे, मग बघते कोण अडवतंय. अप्पा, त्या दाराला टेकून एक बाक बसेल ना? चार पोरं. लहानगी आहेत, पसाभर."

"बघू," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "बघू? तुम्ही कधीपासून बघू म्हणायला लागलात?"

माझ्या हातात एक शेंग होती, अर्धी उघडलेली. ती मी कधी खाली ठेवली ते आठवत नाही. मला ती राखाडी पट्टीच दिसत होती. तिच्यात राग नव्हता, आवाज नव्हता. कुणी मोठा माणूस समोर आला म्हणून ती बिचकली नसती, आणि कुणाच्या पोटापाण्याचा विषय आहे म्हणून तिला कानकोंडंही झालं नसतं. इतक्या साध्या शब्दांत सांगता येतं, मला वाटलं. वाट अडते. दोन शब्द. मला तीस वर्षांत ते जमले नाहीत.

तीस वर्षं मी गाड्यांच्या बॉड्या बांधल्या. कारखान्यातून नुसती चासी यायची, म्हणजे चाकं, इंजिन आणि लोखंडाचा सांगाडा. वर काय बांधायचं ते मालक सांगायचा. तेव्हा हा पडदा वगैरे काही नव्हतं. आमची पद्धत खडूची होती. शेडची फरशी धुऊन घ्यायची, वाळू द्यायची, आणि तिच्यावर अख्खी गाडी खऱ्या मापाची काढायची. कागदावर काढलेलं माणसाला कळत नाही, फरशीवर कळतं. मग रंगाचे उपडे डबे मांडायचे, ज्या त्या खुर्चीच्या जागी एकेक, आणि मालकाला म्हणायचं, या, बसा आपल्या गाडीत. मोठमोठे मालक त्या डब्यांवर पोरांसारखे बसायचे. कुणी हातात नसलेलं चाक फिरवायचा, कुणी तोंडानं हॉर्न वाजवायचा. गुडघा कुठे लागतो, डोकं कुठे आपटेल, सगळं तिथंच कळायचं, आणि चुकलेली रेघ पायानं पुसून नवी ओढली की झालं. त्या खडूच्या कामात एकच गोष्ट वेगळी होती. खुर्ची म्हणजे रेघा, खिडकी म्हणजे रेघा, पण दार म्हणजे रेघेत ठेवलेली मोकळी जागा. हातभर काहीच काढायचं नाही, ते दार. आणि दार बंद करायचं असलं तर तेवढ्या हातभर जागेवरून खडू पुढे न्यायचा. त्याला जोर लागत नाही. काही मोडल्यासारखं वाटत नाही. उलट रेघ पूर्ण झाल्यानं बरंच वाटतं.

आणि मी कुणाला नाही म्हणायचो नाही. त्याचंच माझं नाव होतं. दुसरीकडे नाही म्हणाले की गिऱ्हाईक आमच्या शेडकडे यायचं. होईल का मिस्त्री? होईल. आणखी एक रांग बसेल? बसेल. घरातही तेच. लेक लहान असताना शेजारपाजारच्या पोरांना सांगायची, आमचे अप्पा वाटेल ते करतात. ती मोठी झाली, लग्न झालं, जावई दूरच्या बंदरावर क्रेन चालवायला गेला, ती स्वतः गाडी चालवायला लागली, तरी तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. मी शेड बंद केली तेव्हा डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे मला अजून चांगले आहेत. तिनं कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं की मुख्याध्यापिका बाईंना शब्द दिलाय. तेरा पोरं, एकाच फेरीत. जुन्या गाडीत तिला दोन फेऱ्या कराव्या लागतात आणि दुसऱ्या फेरीतली पोरं घंटा झाल्यावर पोचतात. बाई म्हणाल्या होत्या, एका फेरीत तेराही येणार असतील तर पुढची वर्षं तुम्हीच, नाहीतर आम्ही बस लावतो. शुक्रवारच्या आत ज्यांनी गाडी रचून नोंदवली त्यांना ती पहिल्या खेपेत मिळणार होती. आणि गाडीत चालक सोडून खुर्च्या नऊ.

"मी होईल म्हणून सांगून आलेय," ती पोळी उलटत म्हणाली.

मला माझाच आवाज ऐकल्यासारखं झालं. तोच हेल, ई वर जरा जास्त थांबणारा. मी उठून पाणी प्यायलो. नळ बंद केल्यावरही थेंब पडत राहिले आणि मी ते मोजत उभा राहिलो.

तिनं माझ्या शेडमधल्या वेल्डरलाही फोन केला होता. तो तिसऱ्या दिवशी आला. आम्ही त्याला ठिणगी म्हणायचो, कारण तो बोलतानाही उडायचा. आता एक गुडघा गेलाय, काठी आली आहे, पण तोंड तसंच. दारातूनच ओरडला, "काय गं, म्हाताऱ्यांना कामाला लावतेस? पेन्शन कोण देणार?"

"ठिणगीकाका, चहा देते. त्यातच समजून घ्या."

"साखर घाल मग. घरी सून चमच्याला कुलूप लावते."

तो टेबलाशी बसला, गाडी बोटानं फिरवून बघितली, आणि फार खूश झाला. दार दहा वेळा उघडलं, मिटलं. लेक आत गेल्यावर मात्र त्यानं आवाज उतरवला. माझ्याकडे न बघता, पडद्यावरच बोट ठेवून म्हणाला, "मिस्त्री, वेल्ड नको मारायला. बोल्टावर बसवू. चार बोल्ट, वरून फिरवायचे. लागलं तर काढायला सोपा."

एवढी वर्षं मला वाटत होतं की तो विसरला. तो माझ्याबरोबर जेवला, भांडला, माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात बसला, आणि शेडमधल्या त्या एका गाडीचं एक अक्षर आमच्यात कधी निघालं नाही. आणि हा माणूस मनातल्या मनात बोल्ट मोजत होता. किती वर्षं कोण जाणे.

"लागलं तर," मी म्हणालो, "पाना कुणाकडे असतो ठिणगी?"

त्यानं चहा बशीत ओतला आणि प्यायला. जाताना नातीच्या डोक्यावर टपली मारली, पण विनोद काही केला नाही.

ती गाडी भाजीच्या गोदामवाल्याची होती. त्याच्याकडे बायका भाजी निवडून पाकिटं भरायच्या, त्यांना आणायला-सोडायला गाडी हवी होती. मी फरशीवर काढली. त्यानं आपल्याबरोबर सात-आठ बायकाच आणल्या होत्या, बसून बघायला. कामातून तेवढाच वेळ सुटका म्हणून त्या खुशीत होत्या. एक मागच्या डब्यावर बसली. तिच्या हातांना पालेभाजीचा हिरवा डाग होता, मनगटापर्यंत. ती म्हणाली, "मिस्त्री, गुडघे कुठे ठेवू, डोक्यावर?" सगळ्या हसल्या. मी पुढची रांग चार बोटं सरकवली. मग मालक म्हणाला, अजून तीन बायका आहेत माझ्याकडे, त्यांना काय टपावर बसवू? तो माझ्या आखलेल्या गाडीत हिंडला आणि मागच्या दाराच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. "हे कशाला? चढायचं पुढून, उतरायचं पुढून. हे दार कुणी उघडत नाही. इथं बाक टाका. होईल का?" मी वाकलो आणि खडू पुढे नेला. हातभर. होईल म्हणायच्या आधीच नेला. ठिणगीनं बाक दाराला आतून जोडला, पक्का. त्याच्या हाताचं वेल्डिंग सुटत नसे.

आठव्या महिन्यात गाडी कालव्यात गेली. पुढचं दार ज्या अंगाला होतं त्या अंगावर पडली. मागचं दार दुसऱ्या अंगाला. म्हणजे ते वर आलं असतं, पाण्याच्या बाहेर. पुढची काच फोडून बायका निघाल्या, एकमेकींना ओढत. एक राहिली. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, पेपर ठिणगीनं वाचून दाखवला. एका ठिकाणी तो थांबला आणि म्हणाला, एक बाई गेली. नाव त्यानं वाचलं नाही. मी विचारलं नाही. चौकशीची माणसं आली ती चालकाकडे आली, मालकाकडे गेली, रस्ता खात्याकडे गेली. शेडकडे कुणी फिरकलं नाही. मी महिनाभर रोज अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शेडवर जायचो, आज येतील म्हणून. पुढे कधीतरी लिहायला-वाचायला शिकलो तेव्हा तो पेपर रद्दीत गेलेला होता. खरं सांगायचं तर तो मी शिकायच्या आधीच घातला होता रद्दीत.

गुरुवारी दुपारी लेकीनं अंगण धुऊन ठेवलं. पडद्यावरून गाडीची मापं उतरून घेतली होती. मला न विचारता खडूचा डबा आणला होता, नवा, पोरांच्या शाळेतला. "काढा," ती म्हणाली. "मला लहानपणी शेडमध्ये येऊ द्यायचा नाहीत. आज बघू दे तरी."

मी गुडघ्यावर बसलो. फरशी अजून थोडी ओली होती आणि खडू ओला झाला की घसरतो, तरी हात चुकला नाही. हाताला त्याची लाज नव्हती. पुढची काच, चालकाची खुर्ची, तीन रांगा, मागची भिंत. बाजूची रेघ मागे नेली आणि दारापाशी खडू उचलला, आणि पलीकडून पुन्हा टेकवला. लेकीनं घरातले स्टूल, बादल्या, एक उशी असं काय काय आणून मांडलं. नात धावत आली आणि सगळ्यात मागे, त्या मोकळ्या जागेत, उपड्या बादलीवर बसली. पाय पसरले. "मी इथं. इथून रस्ता दिसतो."

"ती बाकाची जागा गं," लेक म्हणाली. "अप्पा, तेवढी रेघ ओढून टाका म्हणजे किती उरतं ते कळेल."

मी खडू टेकवला. नातीचा पाय मध्ये होता, तो तिनं आज्ञाधारकपणे उचलून घेतला. तिच्या पायाला बुटाच्या पट्ट्याचा वळ होता. मी खडू टेकवून तसाच राहिलो. ऊन पाठीवर होतं. कुठेतरी कुणीतरी सतरंजी झटकत होतं, एक फटका, मग दुसरा, आणि मी पुढचा फटका कधी येतो त्याची वाट बघत होतो.

"अप्पा? गुडघा धरला का?"

"नातीला आत पाठव," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी सांगितलं. खाली बसूनच सांगितलं, रेघेकडे बघत. भाजीचं गोदाम, बाक, कालवा. जेवढं होतं तेवढं. फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं याला तास लागेल, आणि सतरंजी झटकणं संपायच्या आत ते संपलंही. सांगताना मला भीती एकच होती, की लेक म्हणेल, ते तेव्हाचं झालं, आता पोरांचं बघा. ती म्हणाली असती तर कदाचित मी ओढली असती रेघ. खरंच ओढली असती. ती तसं म्हणाली नाही. ती खाली बसली, माझ्यासमोर, चालकाच्या खुर्चीच्या जागी, आणि म्हणाली, "नऊच."

तिनं आत जाऊन नऊ खुर्च्यांची गाडी नोंदवली. मी अंगणात बादलीभर पाणी ओतलं.

मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असं लोक म्हणतात, तसं काही वाटेल म्हणून मी दोन दिवस वाट पाहिली. शाळेनं तेराही पोरांना बस लावली. लेकीकडे दुसऱ्या एका शिकवणीची पाच पोरं राहिली. पाच पोरांसाठी नऊ खुर्च्यांची गाडी येणार होती, पहिल्या खेपेत. त्याबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. पण बाकीचंही बोलेना. ताट वाढायची, औषध काढून ठेवायची. पूर्वी मी काही म्हटलं की तिचं उलट उत्तर तयार असायचं, आता नुसतं हं. तिनं माझ्याकडे कधी रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती बघायची ते जरा लांबून, जसं आपण पत्ता चुकून दुसऱ्याच्या घरात आलो की भिंतीवरच्या फोटोंकडे बघतो. मी एकदा म्हणालो, "तुझं काम गेलं माझ्यामुळे." ती म्हणाली, "काम मिळेल." आणि गाडीची किल्ली घेऊन गेली.

आठवड्यानं दुपारच्या वेळी ती टेबलाशी येऊन बसली. पडदा चालू केला नाही.

"अप्पा, ती कोण होती?"

"कोण?"

"कोण म्हणजे?"

मी टेबलावरचा चुरा बोटानं गोळा केला.

"नाव काय होतं तिचं?"

"माहीत नाही."

"घरी कोण होतं? पोरंबाळं?"

"माहीत नाही गं."

"विचारलं नाहीत?"

मी तिला त्या हिरव्या हातांच्या बाईचं सांगितलं, गुडघे डोक्यावर ठेवू का म्हणणारीचं. ते मी आधी सांगितलं नव्हतं. नाव विचारलं असतं तर गेलेली ती हीच का ते कळलं असतं, आणि विचारलं नाही तोवर गेलेली दुसरीच कुणी असू शकत होती. हे मी नीट सांगू शकलो नाही. चाचपडत सांगितलं. लेकीनं ऐकून घेतलं.

"म्हणजे दुसरी असती तर चाललं असतं," ती म्हणाली.

तिनं टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती. वीस वर्षांत मी तो प्रश्न त्या बाजूनं कधी धरलाच नव्हता.

"मालकाचा नंबर असेल?"

नंबर होता. जुन्या वहीत होता, आणि वही बदलली तेव्हा तो मी नव्या वहीत उतरवूनही घेतला होता, स्वतःच्या अक्षरात. कशासाठी ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही. लेकीनं आकडे लावले आणि फोन माझ्या हातात दिला. बराच वेळ वाजला. मला वाटलं उचलणार नाही, आणि जीव जरा भांड्यात पडतो न पडतो तोच पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"कोण?"

"मिस्त्री. बॉडीवाला."

"अरे वा! आहात होय अजून?" तो खूप हसला, मग हसण्याचा खोकला झाला. "मला वाटलं आपल्यातलं मीच एक उरलोय. बोला, बोला. काय काम काढलंत?"

"तुमची ती गाडी. कालव्यात गेलेली."

"हं."

"त्यात जी गेली, त्या बाईचं नाव हवं होतं. घर कुठं होतं तिचं?"

पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी तो बारीक केला.

"कुठल्या बाईचं?" तो म्हणाला.

त्याच्या आवाजात काही लपवलेलं नव्हतं. म्हातारा आठवायचा प्रयत्न करत होता. मी लेकीकडे पाहिलं. तिच्या शिकवणीच्या फेरीची वेळ होऊन गेली होती, किल्ली तिच्या मुठीत होती, आणि ती दारात उभी होती, हलत नव्हती.

"मागच्या बाकावरची," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.